बंद पडलेला सॉफ्टवेअर रेड परत उभा करताना: डिस्कवर लिहिण्याआधी डिस्क वाचा

लिनक्स सर्व्हरवरचा सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून एकच साठा म्हणून वापरायची सोय) बंद पडला की डेटा परत मिळणार की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. रेड-५ मधून दुसरी डिस्क बाहेर पडली किंवा रेड-६ मधून तिसरी, की ॲरे, म्हणजे त्या डिस्कचा गट, थांबतो. पण ॲरे थांबला म्हणजे डेटा गेला असं नाही. बहुतेक वेळा ब्लॉक डिस्कवर जिथल्या तिथे असतात. एका डिस्कने वाचताना किंवा लिहिताना चूक दिली म्हणून कर्नलने तिला बाजूला काढलेलं असतं, इतकंच. खरं नुकसान होतं ते त्यानंतर, घाईघाईत चालवलेल्या क्रिएट, ॲड आणि एफएसके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी) या कमांडनी. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी सगळं वाचून घ्यायचं, मग प्रती काढायच्या, प्रतींवर प्रयोग करायचे, आणि नव्याने लिहायची वेळ सगळ्यात शेवटी.

इथे कमांड आणि त्यांचे पर्याय देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. उदाहरणासाठी चार डिस्कचा रेड-५ धरू: एसडीबी१, एसडीसी१, एसडीडी१ आणि एसडीई१, आणि त्यांच्यापासून बनलेला एमडी०.

आधी काय करायचं नाही

सर्व्हर चालू असेल तर लगेच रीबूट करू नका. डिस्क नेमकी कधी आणि का बाहेर पडली हे कर्नल लॉगमध्ये असतं. लॉगची पार्टिशन त्याच ॲरेवर असेल तर ते फक्त मेमरीत उरलेलं असतं. डीमेसेज या कमांडने तो लॉग दिसतो; तिचं आउटपुट आधी दुसऱ्या मशिनवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्या.

ॲरेवरच्या सर्व्हिस बंद करा, फाइल सिस्टिम अनमाउंट करा, आणि एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्या यादीतली) त्या ॲरेची ओळ कॉमेंट करून ठेवा, म्हणजे पुढच्या बूटला एफएसके आपणहून चालणार नाही.

बाहेर पडलेली डिस्क एमडीॲडम (लिनक्सचा रेड सांभाळणारी कमांड) --ॲडने परत घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. ॲरे अपुरा असताना ॲड केलं की त्या डिस्कवर नवा सुपरब्लॉक (ॲरेची माहिती असलेली नोंद) लिहिला जाऊ शकतो. मग ती डिस्क स्वतःला स्पेअर (राखीव) म्हणवते आणि ॲरेमध्ये आपण कितव्या जागी होतो ही माहिती तिच्यावरून पुसली जाते. --झिरो-सुपरब्लॉक आणि --क्रिएट यांच्याकडे तर आत्ता वळायचंच नाही.

माहिती गोळा करा

/प्रॉक/एमडीस्टॅट ही फाइल वाचा. एका डिस्कशिवाय चालू असलेल्या ॲरेत कंसात [यूयूयू_] असं दिसतं. प्रत्येक यू म्हणजे चालू सदस्य, अंडरस्कोअर म्हणजे रिकामी जागा. डिस्कच्या नावापुढे एफ असेल तर कर्नलने ती निकामी ठरवली आहे. ॲरे 'इनॲक्टिव्ह' असेल तर मात्र सगळ्याच सदस्यांपुढे एस लागलेला दिसतो. ते पाहून सगळ्या डिस्क स्पेअर झाल्या की काय असं वाटतं, पण तसं नसतं. ॲरे सुरू झालेला नसताना कर्नल सदस्यांना असंच दाखवतो.

आता प्रत्येक सदस्यावर एमडीॲडम --एक्झामिन चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये जपून ठेवा. ही कमांड फक्त वाचते. पुढे सगळं फसलं तरी या फाइलच्या जोरावर ॲरे पुन्हा बांधता येतो, म्हणून तिची एक प्रत सर्व्हरबाहेर हवीच. सोबत स्मार्टसीटीएल -एक्सचं आउटपुट (डिस्कच्या तब्येतीचा स्मार्ट अहवाल), पार्टिशन टेबलचा डंप, आणि प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर घ्या. सीरियल नंबर यासाठी की एसडीबी, एसडीसी ही नावं बूटनुसार बदलू शकतात. केबल काढून घातली की हमखास घोळ होतो. डिस्कवर चिकटपट्टी लावून सीरियलचे शेवटचे चार आकडे लिहून टाका.

इव्हेंट काउंट: कोण कधी गेलं

एक्झामिनच्या आउटपुटमध्ये बऱ्याच ओळी असतात, पण आधी दोनच पाहायच्या: इव्हेंट्स आणि अपडेट टाइम. ॲरेच्या स्थितीत बदल झाला की सगळ्या हजर सदस्यांच्या सुपरब्लॉकमधला इव्हेंट काउंट वाढतो. जी डिस्क बाहेर पडली तिचा आकडा तिथेच थांबतो. समजा असं दिसलं:

एसडीबी१ – ४८२१३, आज सकाळी
एसडीसी१ – ४८२१३, आज सकाळी
एसडीडी१ – ४८२०७, आज सकाळी
एसडीई१ – ३१९५०, दोन महिन्यांपूर्वी

यातून पूर्ण हकिगत कळते. एसडीई दोन महिन्यांपूर्वीच बाहेर पडली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ॲरे तीन डिस्कवर चालत राहिला. आज सकाळी एसडीडीने चूक दिली आणि सगळं थांबलं. एसडीडी फक्त सहा इव्हेंटने मागे आहे, म्हणजे तिच्यावरचा डेटा जवळजवळ ताजा आहे. एसडीईवरचा डेटा दोन महिने शिळा आहे.

आता धोका कुठे आहे पाहा. तपासून बघितलं तर एसडीई तंदुरुस्त निघू शकते. कदाचित तिची केबलच सैल झाली असेल. एसडीडीवर मात्र खराब सेक्टर आहेत. मन म्हणतं, चांगली डिस्क घ्या, खराब सोडा. तसं केलं तर ताजे आणि शिळे ब्लॉक एकमेकांत मिसळतात, पॅरिटी (हरवलेला ब्लॉक परत काढण्यासाठी ठेवलेला हिशेब) जुळत नाही आणि फाइल सिस्टिमची चाळण होते. आजारी पण ताजी डिस्क ही धडधाकट पण शिळ्या डिस्कपेक्षा कितीतरी मोलाची. या संपूर्ण कामात एकच निर्णय नीट घ्यायचा असेल तर तो हा.

ॲरे स्टेट या ओळीतूनही हेच ताडून पाहता येतं. प्रत्येक डिस्क तिला शेवटचं जे दिसलं ते सांगते: जी डिस्क आधी गेली तिला सगळे सदस्य हजर दिसतात, म्हणजे चारही जागी ए, जी शेवटपर्यंत टिकली तिला गेलेल्यांच्या जागी टिंब दिसतं.

डिस्क खराब आहे की दुसरंच काही

कर्नल लॉगमध्ये दोन-तीन डिस्क एकाच सेकंदाला गायब झालेल्या दिसल्या, तर डिस्कवर संशय घेऊ नका. कंट्रोलर, पॉवर सप्लाय किंवा बॅकप्लेन पाहा. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर काउंट वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा. ५ (रीॲलोकेटेड), १९७ (करंट पेंडिंग) आणि १९८ (ऑफलाइन अनकरेक्टेबल) हे आकडे शून्याच्या वर असतील तर पृष्ठभागच खराब होत चालला आहे.

आणखी एक कारण वरवर दिसत नाही, पण साध्या डेस्कटॉप डिस्क वापरलेल्या ॲरेत ते फार आढळतं. अशी डिस्क खराब सेक्टर वाचायला दोन-दोन मिनिटं धडपडत बसते. कर्नल मात्र ३० सेकंदच थांबतो, मग लिंक रीसेट करतो आणि शेवटी डिस्कला काढून टाकतो. एका सेक्टरसाठी आख्खी डिस्क जाते. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात; मग एमडी (कर्नलमधला रेडचा भाग) तो सेक्टर पॅरिटीवरून काढून परत लिहितो आणि काम चालू राहतं. स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी या कमांडने तुमची डिस्क कुठल्या जातीची ते कळतं. सोय असेल तर वाचन आणि लेखन दोन्हीला ७० द्या. एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, म्हणजे ७० चे ७ सेकंद. सोय नसेल तर /सिस/ब्लॉक/एसडीडी/डिव्हाइस/टाइमआउट या फाइलमध्ये १८० लिहा. ही दोन्ही सेटिंग रीबूटनंतर टिकत नाहीत, म्हणून पुढे ती युडेव्ह रूलमध्ये (डिव्हाइस सापडलं की लागू होणाऱ्या नियमात) किंवा बूट स्क्रिप्टमध्ये घालावी लागतात. रेड वाचवायच्या कामात मात्र ती आत्ताच लावा.

क्लोन

दोष केबलचा असेल आणि सगळ्या डिस्क निरोगी असतील, तर हा टप्पा वगळता येतो. खराब सेक्टर असतील तर वगळू नका. आजारी डिस्ककडून ॲसेंबल (ॲरे जोडून सुरू करणं), एफएसके आणि फाइल कॉपी अशी कामं करून घेण्यापेक्षा तिला एकदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं आणि पुढचं सगळं प्रतीवर करायचं.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा, साधा डीडी नको. पहिल्या फेरीत -डी -एफ -एन हे पर्याय, मग मूळ डिस्क, नवी डिस्क आणि मॅपफाइल, याच क्रमाने. -एनमुळे ती अडलेल्या जागी खोदत बसत नाही. जे सहज मिळतं ते आधी उचलते. मग दुसऱ्या फेरीत -एन काढून -आर३ द्यायचं, म्हणजे उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न होतो. दोन्ही फेऱ्यांना मॅपफाइल तीच हवी. मध्येच वीज गेली किंवा डिस्क लटकली तरी काम तिथून पुढे चालू होतं, ते याच फाइलमुळे. मूळ आणि नव्या डिस्कची अदलाबदल झाली तर परतीचा रस्ता नाही. एंटर मारण्याआधी दोन्ही सीरियल नंबर पुन्हा वाचा.

नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. मेटाडेटा, म्हणजे सुपरब्लॉकची आवृत्ती, १.२ असेल तर मोठी डिस्क सहसा अडचण करत नाही, कारण त्याचा सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर असतो. ०.९० आणि १.० मध्ये तो शेवटाला असतो. पार्टिशन न करता पूर्ण डिस्कच सदस्य म्हणून दिली असेल आणि क्लोन मोठ्या डिस्कवर काढला, तर एमडीॲडम नव्या डिस्कच्या शेवटाला पाहतं आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही.

क्लोन झाला की मूळ डिस्क मशिनमधून काढून ठेवा. दोघींचा युयूआयडी (ओळखक्रमांक) एकच असतो. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर बूटच्या वेळी कुठली उचलली जाईल सांगता येत नाही.

ओव्हरले: मूळ डिस्कला धक्का न लावता प्रयोग

प्रत्येक डिस्कचा क्लोन काढायला तेवढ्या डिस्क नसतात. अशा वेळी डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट, म्हणजेच ओव्हरले, कामाला येतो. वाचन मूळ डिस्कवरून होतं, लेखन मात्र वेगळ्या फाइलमध्ये पडतं. प्रयोग चुकला तर फाइल पुसायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

प्रत्येक सदस्यासाठी असं करायचं. ब्लॉकडेव्ह --सेटआरओने पार्टिशन रीड-ओन्ली करा. ट्रंकेटने एखाद्या तिसऱ्याच डिस्कवर काही गिगाबाइटची स्पार्स फाइल (भरेल तेवढीच जागा घेणारी) बनवा आणि लोसेटअपने ती लूप डिव्हाइसला जोडा. ब्लॉकडेव्ह --गेटएसझेडने पार्टिशनचे सेक्टर मोजा. मग डीएमसेटअप क्रिएटला असा तक्ता द्या: शून्य, सेक्टरची संख्या, स्नॅपशॉट हा शब्द, मूळ पार्टिशन, लूप डिव्हाइस, पी, आणि ८. शेवटचा ८ म्हणजे ८ सेक्टर, अर्थात ४ किलोबाइटचा तुकडा.

ओव्हरलेची फाइल भरली की स्नॅपशॉट निकामी होतो. त्यामुळे ओव्हरलेवर रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर भरणं) सुरू करायचा नाही. तपासणी आणि वाचन एवढंच.

ॲसेंबल

अर्धवट उभा राहिलेला इनॲक्टिव्ह ॲरे सदस्यांना अडकवून ठेवतो आणि मग 'डिव्हाइस बिझी' अशी तक्रार येते. म्हणून आधी एमडीॲडम --स्टॉप. एमडीॲडमच्या कॉन्फिगरेशन फाइलशिवाय बूट झालेल्या किंवा लाइव्ह सिस्टिमवर ॲरेचं नाव एमडी०ऐवजी एमडी१२७ झालेलं असू शकतं. काळजीचं कारण नाही.

आता सदस्यांची नावं स्वतः देऊन, शिळी डिस्क वगळून: एमडीॲडम --ॲसेंबल --फोर्स --रन --व्हर्बोज, मग ॲरेचं नाव, मग एसडीबी, एसडीसी आणि एसडीडी यांचे ओव्हरले किंवा क्लोन. --स्कॅन वापरू नका, कारण मग डिस्कची निवड तुमच्या हातात राहत नाही. फोर्समुळे एसडीडीचा इव्हेंट काउंट ४८२०७ वरून ४८२१३ वर आणला जातो आणि तसा संदेशही छापला जातो. शेवटी चारपैकी तीन डिस्कवर ॲरे सुरू झाल्याचं दिसलं पाहिजे. 'डर्टी डिग्रेडेड ॲरे सुरू करता येत नाही' असा कर्नलचा संदेश आधी येत असेल तर त्यावरही फोर्स हाच इलाज आहे.

रेड-१ असेल तर एवढं करावं लागत नाही. प्रत्येक सदस्यावर पूर्ण डेटा असतो. सर्वांत ताजी एकच डिस्क देऊन --रन केलं की काम झालं. रेड-० मध्ये मात्र एकही सदस्य गमावता येत नाही, तिथे क्लोन जितका पूर्ण निघेल तितकाच डेटा.

माउंट झालं म्हणजे जमलं असं नाही

ॲरेवर एलव्हीएम (साठ्याचे व्हॉल्यूम पाडणारी व्यवस्था) असेल तर आधी व्हीजीचेंज -एवायने व्हॉल्यूम जागे करा. मग फाइल सिस्टिम तपासा, पण दुरुस्ती न करता: ईएक्सटी४ साठी ई२एफएसके -एन, एक्सएफएससाठी एक्सएफएस_रिपेअर -एन. माउंट करताना नुसतं आरओ पुरत नाही, कारण जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) रिप्ले होतं आणि त्यात लेखन होतं. ईएक्सटी४ ला आरओ,नोलोड आणि एक्सएफएसला आरओ,नोरिकव्हरी द्या.

फोल्डरची यादी दिसली की सुटलो असं वाटतं. तिथे थांबू नका. अनेक मेगाबाइटच्या फाइल उघडा: मोठी संकुचित फाइल पूर्ण उलगडून पाहा, डेटाबेसचा डंप तपासा, चेकसम असतील तर जुळवा. चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) ५१२ किलोबाइटचा असेल तर त्याहून छोटी फाइल बहुधा एकाच डिस्कवर मावते, म्हणून बाकी गणित चुकलेलं असलं तरी ती व्यवस्थित उघडते.

सगळं ठीक दिसलं की आधी डेटा बाहेर कॉपी करा. रिबिल्ड नंतर. रिबिल्डमध्ये उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो, आणि डगमगणारी डिस्क नेमकी तिथेच कोसळते. कॉपीसाठी वापरात असलेलेच ब्लॉक वाचावे लागतात, आणि महत्त्वाचं काय ते तुम्ही आधी उचलू शकता.

सुपरब्लॉकच गेला असेल तर

कोणी ॲड केलं, झिरो केलं किंवा इन्स्टॉलरने डिस्कवर नवं पार्टिशन टेबल लिहिलं, तर ॲसेंबलला धरायला काही उरत नाही. मग शेवटचा उपाय: --क्रिएट --अझ्यूम-क्लीन. हे डेटाला हात न लावता नवा सुपरब्लॉक लिहितं, पण सगळे तपशील मूळ ॲरेसारखेच हवेत: लेव्हल, मेटाडेटा आवृत्ती, चंक, लेआउट, डिस्कचा क्रम आणि डेटा ऑफसेट (सदस्यावर डेटा जिथून सुरू होतो ती जागा). फक्त ओव्हरलेवर करा, आणि गेलेल्या किंवा शिळ्या डिस्कच्या जागी 'मिसिंग' लिहा, म्हणजे ॲरेला रिसिंक सुरू करायला वावच राहत नाही.

माणसं क्रम आणि चंक सांभाळतात, पण डेटा ऑफसेटवर फसतात. जुन्या एमडीॲडमने बनवलेल्या ॲरेत तो २०४८ सेक्टर असू शकतो, नंतरच्या आवृत्त्यांत २६२१४४ किंवा आणखी वेगळा. नवी आवृत्ती स्वतःचा आकडा निवडते आणि डेटा सरकल्यासारखा होतो. फाइल सिस्टिम सापडतच नाही. सुरुवातीला जपलेल्या एक्झामिनच्या फाइलमध्ये, किंवा एखाद्या शाबूत सदस्यावर, हा आकडा मिळतो. तिथे तो सेक्टरमध्ये असतो. --डेटा-ऑफसेट हा पर्याय मात्र किलोबाइट मागतो, म्हणजे निम्मा आकडा: २६२१४४ साठी १३१०७२के. चंकचंही तसंच: आज डिफॉल्ट ५१२ किलोबाइट, पूर्वी ६४ होता.

क्रम माहीत नसेल तर चार डिस्कचे २४ क्रम होतात, ते स्क्रिप्टने तपासता येतात. सहा डिस्कचे ७२० होतात. तिथे एक्झामिनमधल्या डिव्हाइस रोलवरून जेवढ्या जागा पक्क्या करता येतील तेवढ्या आधी करा. प्रत्येक क्रमाला फक्त ई२एफएसके -एन, आणि ज्यात चुका सर्वांत कमी तिथे मोठ्या फाइलची चाचणी.

नवी डिस्क आणि रिबिल्ड

डेटा बाहेर सुरक्षित झाल्यावरच ओव्हरले मोडा आणि खऱ्या डिस्कवर किंवा क्लोनवर तोच ॲसेंबल करा. जीपीटी पार्टिशन टेबलची नक्कल एसजीडिस्क -आरने (कॅपिटल आर) होते. इथे क्रम उलटा आहे: -आरच्या लगेच पुढे नवी डिस्क, आणि शेवटी मूळ. उलट झालं तर कोरं टेबल चांगल्या डिस्कवर जातं. नंतर नव्या डिस्कवर -जी (कॅपिटल जी) चालवून तिचे ओळखक्रमांक बदला. मग एमडीॲडम --ॲड.

४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने भरायला साधारण साडेसात तास लागतात, तेही सर्व्हर निवांत असेल तर. शिंगल्ड पद्धतीची, म्हणजे एसएमआर डिस्क असेल तर वेळ अनेक पटींनी वाढू शकतो. रेडसाठी ती घेऊच नये. याच ॲरेवरून सर्व्हर बूट होत असेल तर नव्या डिस्कवर ग्रबही (बूट लोडर) बसवा, नाहीतर पुढच्या वेळी ॲरे धड असूनही मशिन उठणार नाही. एमडीॲडम --डिटेल --स्कॅनचं आउटपुट कॉन्फिगरेशन फाइलमध्ये घालून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवा.

रिबिल्ड संपल्यावर /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_ॲक्शनमध्ये 'चेक' लिहून स्क्रब (सगळ्या डिस्कची पूर्ण वाचून तपासणी) चालवा. रेड-५ आणि रेड-६ मध्ये मिसमॅच_सीएनटी शून्य यायला हवा. हा स्क्रब दर महिन्याला चालू राहू दे. क्वचित वाचल्या जाणाऱ्या जागेवरचा खराब सेक्टर तेव्हाच सापडतो, सगळ्या डिस्क हजर असताना.

आणि एसडीई दोन महिने बाहेर होती, ती कोणाला कळली का नाही? एमडीॲडमच्या कॉन्फिगरेशनमध्ये मेलॲडरच्या ओळीत खरा, रोज वाचला जाणारा पत्ता घाला. मग एमडीॲडम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट चालवा. प्रत्येक ॲरेमागे एक चाचणी मेल आला पाहिजे. आला नाही, तर सर्व्हरवरून मेल बाहेर जात नाहीये. तो दोष आजच शोधा, ॲरे पूर्ण असताना.